परतीचा पाऊस, धुई आणि थंडी: आपल्या खोऱ्याचं दसरा ते कार्तिकचं हवामान

गावात सध्या ज्याला भेटावं तो एकच विचारून राहिला आहे, सोयाबीन सोंगायचं (कापायचं) का थांबायचं. एका ॲपवर उद्या पाणी दाखवते, दुसऱ्यावर कोरडं दाखवते, टीव्हीवर पूर्ण विदर्भाचा नकाशा पिवळा दिसतो आणि शेजारचे आबाजी सांगतात, "हत्ती गेल्याबिगर सोंगाले हात नको लावू गा." हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र. ह्या सगळ्यात माणूस गोंधळून जातो आणि शेवटी मजूर कोणत्या दिवशी मिळाले त्यावर सोंगणी ठरते, आभाळाकडे कोणी पाहतच नाही. म्हणून म्हटलं एकदा नीट बसून लिहावं, की दसऱ्यापासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत आपल्या ह्या खोऱ्यात हवामान साधारण कसं वागते, अंदाज कुठला पाहायचा आणि तो आपल्या वावरापर्यंत आणायचा कसा. जिल्ह्याचा अंदाज जिल्ह्यासाठी काढलेला असतो. सोळा तालुक्यांचा यवतमाळ जिल्हा, त्यात आपलं खोरं म्हणजे नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाते. तेव्हा खोऱ्यापुरता अंदाज आपला आपणच वाचायचा, दुसरं कोणी येऊन वाचून देणार नाही.

बाहेरगावच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. दारव्हा-दिग्रसच्या मधल्या टेकड्यांत हे खोरं आहे, दोन्ही बाजूला सागवानाचे उतार, मधून नाला, तो पुढे अडाण नदीकडे जातो. नाल्याच्या दोन्ही काठाला काळी जमीन, वर चढत गेलं की बरड म्हणजे हलकी जमीन, मग मुरूम. तीन-चार लहान गावं आणि दोन तांडे. वरच्या बरडावरचा आणि खालच्या काळीवरचा कास्तकार एकाच दिवशी उठतो पण त्यांचं हवामान एक नसते, हे पुढे येईलच.

आधी परतीच्या पावसाचं. मान्सून परत जातो तो राजस्थानच्या पश्चिम टोकापासून, तिथून निघायची सरासरी तारीख १७ सप्टेंबर. ही तारीख हवामान खात्याने २०२० मध्ये बदलली, आधी ती १ सप्टेंबर होती. पूर्ण देशातून बाहेर पडायची सरासरी तारीख १५ ऑक्टोबर. आपल्याकडून तो साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जातो, पण हे सरासरीचं झालं. "मान्सून गेला" हे खातं असंच म्हणत नाही, राजस्थानकडे सलग पाच दिवस पाऊस बंद पाहिजे, खालच्या थरात हवेचं दाबक्षेत्र उलटं फिरायला लागलं पाहिजे आणि हवेतली वाफ बरीच कमी झालेली उपग्रहावर दिसली पाहिजे, तेव्हा कुठे जाहीर करतात. आणि जाहीर झालं म्हणजे पाणी येणारच नाही असंही नाही. २०१९ घ्या, त्या वर्षी परतीला सुरुवातच ९ ऑक्टोबरला झाली, नोंदीतली सगळ्यात उशिराची, आणि मग ऑक्टोबरभर पाणी दिवाळीपर्यंत लांबत गेलं. त्या दिवाळीत सोंगून रचलेल्या गंज्यांमधल्या सोयाबीनला हिरवे कोंब आले होते ते ज्यांनी पाहिलं ते विसरले नसतील.

आता हे पाणी येते कुठून हे समजून घेतलं तर अर्धा गोंधळ कमी होतो. सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे दोन तऱ्हेचं पाणी असते. एक असते दुपारचं. सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, दहापासून ऊन अंगाला चावते, जमिनीत ओल असतेच, त्यामुळे घामाच्या धारा, दोन-अडीचला टेकडीच्या माथ्यावर पांढरे ढग कोबीसारखे उभे वाढायला लागतात, चार वाजता गडगडाट आणि अर्धा-पाऊण तास रपरप. हे पाणी एका गावात पडते आणि नाल्यापलीकडे धूळ उडत असते. असं पाणी कुठल्या वावरात पडणार हे कोणताच अंदाज आदल्या दिवशी सांगू शकत नाही, कारण ते ढग त्याच दिवशी तिथल्या तिथे तयार होतात. तेव्हा ॲपने सांगितलं नाही म्हणून ॲपला शिव्या देण्यात अर्थ नाही.

दुसरं असते बंगालच्या उपसागरातलं. तिकडे कमी दाबाचं क्षेत्र बनते, ओडिशा-आंध्रच्या किनाऱ्यावर चढते, छत्तीसगड किंवा तेलंगणावरून आपल्याकडे सरकते. ते दिवस-दोन दिवस आधीच काय, चार-पाच दिवस आधी सुद्धा दिसते. २०२१ चं गुलाब चक्रीवादळ २६ सप्टेंबरला आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागलं, विरत विरत विदर्भ-मराठवाड्यावरून गेलं, पुढे अरबी समुद्रात उतरून पुन्हा जोर धरला आणि शाहीन नावाने ओमानला जाऊन धडकलं. मधल्या त्या दोन दिवसांत आपल्या जिल्ह्यात काय झालं ते आठवा, २८ सप्टेंबरला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याच्या पुलावरून एसटी बस पुरात वाहून गेली. म्हणून माझं सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे, अशा सिस्टीमच्या वेळी आपल्या नाल्यावरच्या रपट्यावर (बुटक्या पुलावर) पाणी दिसलं की गाडी घालू नका, पाणी घोट्याएवढं दिसते पण खालचा सिमेंटचा तुकडा गेला आहे की आहे ते वरून दिसत नाही, आणि वरच्या टेकड्यांवरचं पाणी आपल्याकडे पाऊस थांबल्यावर येते, गावात ऊन पडलेलं असते तेव्हा येते.

तर सोंगणी ठरवताना पाहायचं ते हे दुसऱ्या तऱ्हेचं पाणी. बातम्यांत "बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र" हे शब्द ऐकू आले की गंजीला ताडपत्री आणि नवीन सोंगणीला थांबा.

अंदाजातले शब्द पण नीट वाचायला पाहिजेत, कारण खातं मोजून शब्द वापरते. "एक-दोन ठिकाणी" किंवा "तुरळक ठिकाणी" म्हणजे जिल्ह्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत ठिकाणी, "काही ठिकाणी" म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे पंचाहत्तरपर्यंत, आणि त्याच्या वर गेलं की जवळपास सगळीकडे. म्हणजे "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस" असं असेल तर आपल्या खोऱ्यात कोरडं राहायची शक्यता जास्त, फक्त ईज (वीज) सांभाळायची. "बऱ्याच ठिकाणी" आलं तर समजा आपल्याकडे आलंच. रंगांचंही तसंच, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. पिवळा दिसला की घाबरून कच्चं सोयाबीन सोंगणारे पण आहेत आणि नारिंगी दिसला तरी गंजी उघडी ठेवणारे पण आहेत. नुसत्या पावसाच्या ढगाच्या चित्राऐवजी जिल्ह्याच्या कृषी सल्ल्याचं पत्रक पाहत जा, ते मंगळवारी आणि शुक्रवारी निघते, मेघदूत ॲपवर मराठीत मिळते, त्यात पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, वारा सगळं असते. आणि गुरुवारी खातं पुढच्या काही आठवड्यांचा कल सांगते, तो हरभऱ्याच्या पेरणीसाठी कामाचा.

एल निनो-ला निना, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं किंवा थंड होणं, ह्याबद्दल पण विचारतात. एल निनो असला की जून ते सप्टेंबरचा पाऊस कमी व्हायचा धोका वाढतो हे खरं, २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदीतला देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. पण त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी महाराष्ट्रात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. तेव्हा "यंदा पाऊसमान असं आहे, म्हणून दिवाळी कोरडी जाईल" असं कोणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उपसागरातली एकच सिस्टीम पुरते.

आबाजींच्या हत्तीवर पण बोलू. हस्त नक्षत्र २७ सप्टेंबरच्या आसपास लागते ते १० ऑक्टोबरपर्यंत, मग चित्रा २३ पर्यंत, मग स्वाती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. म्हणजे हत्ती जाणं आणि सरासरीने मान्सून जाणं ह्या तारखा बऱ्याच जुळतात, जुन्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहून ठेवलेलं आहे ते. पोळा आणि पाऊस झाला भोळा हे पण त्यातलंच, पोळ्यानंतर झडीचा पाऊस कमी होत जातो आणि दुपारचा गडगडाटी सुरू होतो. भुलाबाईची गाणी कोजागिरीपर्यंत चालतात आणि पोरी अंगणात भिजत गाणी म्हणतात ते काही वर्षी आपण पाहतोच. पण एक गोष्ट मला सारखी वाटते. "पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती" ही म्हण ज्यांनी केली त्यांच्या वावरात ज्वारी आणि रब्बी होती, सोयाबीन नव्हतं. तेव्हा स्वातीचं पाणी म्हणजे पुढच्या पिकाला ओल, आनंदच. आज त्याच पाण्यात आपलं सोयाबीन गंजीत असते आणि पहिल्या वेचणीचा कापूस बोंडात लोंबत असतो. पाणी तेच आहे, वावरातलं पीक बदललं, म्हणून जुनी म्हण मनात ठेवावी पण ताडपत्री पण जवळ ठेवावी. भेंडवळच्या घटमांडणीचं, म्हणजे घट मांडून वर्षाचं पीकपाणी सांगतात त्याचं, पण असंच म्हणेन, अक्षय्य तृतीयेला मांडणी होते, लोक श्रद्धेने ऐकतात, मी पण ऐकतो, पण अमुक मंगळवारी सोंगू का हे विचारायची ती जागा नाही, तिथे पाच दिवसांचाच अंदाज लागतो.

आता प्रत्यक्ष सोयाबीन. पानं गळून गेली, शेंगा पिवळ्या-तपकिरी झाल्या, झाड हलवलं की शेंगेत दाणा खुळखुळ वाजतो, म्हणजे झालं. त्यानंतर थांबणं म्हणजे दोन्हीकडून मार, पाणी आलं तर उभ्या झाडावर दाण्याला कोंब, आणि कडक ऑक्टोबरचं ऊन पडलं तर शेंगा तडकून दाणा जमिनीवर. बरडावरचं सोयाबीन खालच्या काळीपेक्षा आठवडाभर तरी आधी येते, कारण वर ओल लवकर तुटते. म्हणून वरच्यांनी खालच्यांकडे पाहून थांबू नये आणि खालच्यांनी वरच्यांचा हडंबा (मळणीयंत्र) सुरू झाला म्हणून हिरवं सोंगू नये. पाच दिवस कोरडे दिसत असतील तर सोंगा, दोन-तीन दिवस ऊन खाऊ द्या आणि गंजी न लावता सरळ हडंब्यात काढता आलं तर सगळ्यात चांगलं. पण मजूर आणि हडंबा दोन्ही एकाच दिवशी मिळत नाही हे मला पण माहीत आहे, मग गंजी लावावीच लागते.

ती लावायची कशी ह्यावर खूप काही अवलंबून आहे. जागा उंचवट्याची पाहा, खाली वाळलेल्या तुराट्या किंवा पऱ्हाटीचा (कपाशीच्या झाडांचा) थर टाका म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही, शेंगांची बाजू आत आणि बुडखे बाहेर, मधोमध उंच आणि चहूकडे उतार. ताडपत्री रात्री आणि पाण्याच्या वेळी पूर्ण, पण ऊन निघालं की एक बाजू उचलून बांधा. दिवसभर बंद ठेवलेल्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून पाहा, आतून गरम वाफ लागते आणि वास येतो, तीच वाफ दाणा काळा करते. हात घातल्यावर थंड कोरडं लागलं पाहिजे. गरम लागलं तर त्याच दिवशी गंजी मोडून पसरायची, उद्या म्हणायचं नाही. आणि बियाण्यासाठी ठेवायचं असेल तर हडंब्याचे फेरे कमी करायला सांगा, दाण्याचं टरफल फाटलं की पुढच्या वर्षी उगवण जाते. बाजारात बारा टक्के ओलाव्याचा निकष लावतात, तेव्हा पोत्यात भरायच्या आधी दोन उन्हं द्या.

ईज. हे मी सगळ्यात कळकळीने लिहितो आहे. सोंगणीच्या वेळी वावरात बायाच जास्त असतात, पाणी आलं की सगळ्या जणी धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) एकाच झाडाखाली जमतात, आणि आपल्या विदर्भात दर वर्षी अशाच बातम्या येतात. दामिनी नावाचं ॲप पुण्याच्या हवामान संस्थेने काढलं आहे, ते आपल्या आसपास वीस ते चाळीस किलोमीटरमध्ये ईज पडत असेल तर सांगते. ज्याच्या वावरात मजूर आहेत त्याच्या फोनमध्ये ते असलंच पाहिजे. फोन नसला तरी हिशोब सोपा आहे, चमकल्यावर तीस मोजायच्या आत गडगडलं तर काम सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत येऊ नका. खोऱ्यात एक अडचण अशी आहे की टेकडीपलीकडचं आभाळ दिसतच नाही, माथ्यावर ढग आला म्हणजे तो आधीच जवळ आला आहे. जी मोकळ्या वावरात अडकली तिने झाड, तारेचं कुंपण आणि बंडीपासून लांब, पाय जवळ घेऊन उकिडवं बसावं, झोपू नये, आणि घोळक्याने बसू नये. मजुरीचा तेवढा वेळ कापू नका, मालक लोकांनो.

कापसाकडे येऊ. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, करून पहिली वेचणी आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या मधे सुरू होते. ह्या दिवसांत पाण्यापेक्षा दवाकडे जास्त पाहायला पाहिजे. आभाळ निरभ्र झालं की रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि सकाळी पऱ्हाटीवर हात फिरवला तर बाही ओली होते. तो ओला कापूस वेचून गठ्ठ्यात दाबला तर पिवळा पडतो, आणि खरेदी केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, बाराच्या वर गेला की घेतच नाहीत. बरडावर साडेनऊला दव उडून गेलेलं असते, नाल्याकाठच्या काळीवर टेकडीची सावली उशिरापर्यंत राहते म्हणून दहा-साडेदहा होतात. मग वेचणीची सुरुवात वरच्या वावरापासून करायची आणि ऊन खाली उतरेल तसं खाली यायचं, एवढं जरी केलं तरी फरक पडतो. सडकी-किडकी कवडी वेगळ्या फडक्यात.

थंडी पडायला लागली की गुलाबी बोंडअळी वाढते, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) पाहत राहा, सलग तीन रात्री एका सापळ्यात आठच्या वर पतंग आले तर फवारणीचा विचार करायचा, नाही तर नाही. आणि फवारणीचं इथे लिहिलंच पाहिजे. २०१७ च्या पावसाळ्याच्या शेवटी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसापेक्षा उंच झाली होती, हवा दमट आणि गरम होती, अंगावर साधं फडकं. ऑक्टोबरचं हवामान ह्यासाठी वाईटच असते, घामाने ओली कातडी औषध लवकर ओढते आणि हवा हलत नसली की फवारा तोंडासमोरच लोंबकळतो. आपल्या खोऱ्यात वाऱ्याची चाल ठरलेली आहे. सकाळी वारा टेकडीकडून खाली नाल्याकडे येते, ऊन तापलं की उलटा फिरून खालून वर जाते, आणि सूर्य मावळताना थोडा वेळ अगदी बंद पडते. त्या बंद वेळेत फवारू नका, औषधाची वाफ खोऱ्यातच साचून राहते. सकाळी दव सुकल्यावर, वारा हळू चालू असताना, पाठीवर वारा घेऊन फवारा, चष्मा-मास्क-हातमोजे घालून, आणि उपाशी पोटी कधीच नाही. ज्याला मजुरीवर फवारायला लावता त्याला हे सामान आपण द्यायचं असते, त्याने मागितल्यावर नाही, आधी.

तूर आणि धुई, म्हणजे धुकं, हा आपल्या खोऱ्याचा खरा विषय. वरच्या पठारावरच्या गावांना हा त्रास एवढा नाही. थंड हवा जड असते, रात्री ती दोन्ही टेकड्यांवरून खाली उतरते आणि नाल्याच्या बाजूने साचत जाते, वर गरम हवेचं झाकण बसल्यासारखं होते, खाली ओली जमीन आणि नाल्याचं पाणी. पहाटेपर्यंत पूर्ण खोरं पांढरं. टेकडीवरच्या देवळातून पाहिलं तर खालचं एकही छप्पर दिसत नाही. तुरीला नेमका तेव्हाच फुलोरा असतो. धुई पडलेल्या सकाळी तुरीच्या ओळीत बसून खाली पाहा, ओल्या मातीवर पिवळी फुलं पडलेली असतात, काही देठासकट, आणि झाडावर उरलेल्या फुलांच्या पाकळ्या पाण्याने चिकटलेल्या. लागोपाठ तीन-चार सकाळी असं झालं की त्या फांदीवर शेंग कमी धरते. आणि आभाळ ढगाळ राहिलं तर शेंगा पोखरणारी अळी वेगळी.

धुई कधी पडणार हे मात्र आपण बऱ्यापैकी आधी ओळखू शकतो, ह्याला कोणत्या ॲपची गरज नाही. पाणी पडून गेलं, दुसऱ्या दिवशी आभाळ उघडलं, संध्याकाळी वारा पूर्ण बंद आणि धूर वर न जाता घरांच्या छपरावर आडवा पसरलेला दिसला, तर पहाटे धुई ठरलेली. वारा चालू असेल किंवा रात्री ढग असतील तर नाही पडत. हे ओळखलं की तेवढ्या रात्रीपुरती तयारी करता येते, जुनी माणसं धुऱ्यावर ओला काडीकचरा पेटवून वावरावर धूर करत, आणि दोघं जण दोन टोकाला दोरी धरून सकाळी तुरीच्या शेंड्यावरून ओढत नेत म्हणजे पाणी झडून जाते. दोरीचं मला जास्त पटते, वेळ कमी लागतो आणि लेकरांच्या छातीत धूर जात नाही. फुलगळ दिसली की दुकानातून महागडं टॉनिक आणायची घाई मात्र करू नका, आधी कृषी सहायकाला पान-फूल दाखवा, गळ धुईने आहे का मर रोगाने का पाण्याच्या ताणाने, तिन्हीचा इलाज वेगळा आहे.

हरभऱ्याचं थोडक्यात. कोरडवाहू असेल तर सोयाबीन निघाल्यावर जमिनीत ओल आहे तोवर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरून घ्यायला पाहिजे. चार बोटं खालची माती मुठीत दाबा, लाडू बांधला गेला तर पेरा, भुगा झाला तर बियाणं वाया जाईल. काळीवाल्यांना थोडी सवड असते, बरडावाल्यांना नाही. विहिरीवाले नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत थांबू शकतात, उलट ऑक्टोबरच्या तापलेल्या जमिनीत घाई केली तर मर जास्त लागते. परतीचं एक चांगलं पाणी हस्त-चित्रात झालं तर खोऱ्यातला कोरडवाहू हरभरा हसतो. म्हणजे सोयाबीनवाल्याला जे पाणी नको तेच हरभऱ्याला पाहिजे, आणि दोन्ही एकाच माणसाच्या वावरात असते. म्हणूनच सोयाबीन वेळेवर आत गेलं पाहिजे.

थंडी. ऑक्टोबरमध्ये दुपार बत्तीस-चौतीस अंशांची आणि पहाट विशीच्या आसपास, दिवाळीनंतर उत्तरेचा वारा सुरू झाला की पहाटेचा पारा पंधराकडे येते, डिसेंबरमध्ये आणखी खाली. हे शहरातले आकडे आहेत. खोऱ्याच्या तळाला त्याच रात्री दोन-तीन अंश कमीच धरा, ती जड थंड हवा खाली साचते म्हणून. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश नोंदले गेले होते, तेव्हा नाल्याकाठी काय झालं असेल ह्याचा अंदाज करा. नाल्याकाठच्या कोठ्यात बांधलेल्या वासरांना आणि म्हाताऱ्या बैलांना गोधन (दिवाळीचा पाडवा) झाल्याबरोबर आडोसा करून द्या, पोत्याचे पडदे पुरतात. रात्रीच्या लाइनवर ओलीत करणाऱ्यांनी पायात गमबूट, हातात बॅटरी आणि एकट्याने जाऊ नये, सोंगणीनंतर उंदरांच्या मागे घोणस-मण्यार ह्याच दिवसांत फिरतात. दम्याच्या माणसांनी धुईत फिरायला जाऊ नये, ऊन निघाल्यावर जावं.

आता एक काम सगळ्यांनी मिळून करण्यासारखं आहे. चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला तर महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात, आणि तो मोजते मंडळाचं यंत्र. आपल्या मंडळाचं यंत्र टेकडीपलीकडे आहे. दुपारचं पाणी कसं पडते ते वर लिहिलंच, आपल्याकडे नाला दुथडी भरून वाहतो आणि यंत्रावर वीस-पंचवीस मिमी दिसते. पंचनामा करणाऱ्याला दाखवायला आपल्याजवळ काहीच नसते. म्हणून प्रत्येक गावात आणि तांड्यात एकाने तरी पर्जन्यमापक ठेवा. प्लास्टिकचा फार महाग येत नाही, नाही तर तळ सपाट आणि बाजू सरळ असलेला डबा चालतो, तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं पाहिजे. झाडापासून आणि भिंतीपासून लांब, मोकळ्यावर, हलणार नाही असा बसवा. सकाळी साडेआठला पट्टी उभी धरून किती मिलिमीटर ते पाहा, कारण खात्याचा दिवस साडेआठ ते साडेआठच असतो. पाहून झालं की डबा रिकामा करा. पाणी पडलं नाही त्या दिवशीही शून्य लिहा. ह्या आकड्याला सरकारी कागदाची किंमत नाही हे मान्य, पण चार गावांच्या रोजच्या नोंदी एकत्र असल्या तर यंत्र खोऱ्यात बसवून द्या हे मागताना आपल्या हातात काहीतरी राहील. गावाचं नाव, तारीख आणि आकडा एवढंच मला पाठवत जा, मी सगळ्यांचं एका वहीत उतरवून महिन्याच्या शेवटी कृषी सहायकाकडे आणि ग्रामपंचायतीत एक-एक प्रत देतो.